शेरा

एकोणतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, अक्कलकोट डेपो.
माणसं मोजायची सवय हाताला आहे,
म्हणून मंडळानं वही माझ्याकडे दिली.
तारीख, नाव, गाव, किती जण, शेरा.

बोरहाळला सकाळी एक गाडी येते, तीच परत जाते.
उतरणारे सगळे गावचेच,
हातात औषधं, सायकलची ट्यूब, कुणाचा तरी एक्स-रे.
गाव पाहायला म्हणून कोणी उतरत नाही.
तरी दर रविवारी आम्ही सात जण
ऊन चढायच्या आत बारवेवर जातो.

पहिलं वर्ष वेड्या बाभळीनंच खाल्लं.
मुळं चिऱ्यांत शिरलेली. ओढलं की चिरा हलायचा,
नाही ओढलं की पंधरा दिवसांत पुन्हा फुटवा.
मौला नदाफ वेल्डिंगचं दुकान बंद ठेवून यायचा,
काटे मोजायचा, रुपये मोजल्यासारखे.
पायरीखाली पायरी निघत गेली. बावन्न.
इरण्णा गुरुजी म्हणतात त्रेपन्न, शेवटची पाण्यात आहे.
वाद मे महिन्यापर्यंत तहकूब.

वीरगळ अकरा सापडले.
एक गोठ्यात, दावं बांधायला.
एक वेशीत, शेंदूर फासून मारुती झालेला.
तो तसाच ठेवला.
देव झालेल्याला पुन्हा शिपाई कोण करणार?

बारावा रुक्मव्वा कोरेच्या न्हाणीत. पालथा.
चाळीस वर्षं त्यावर धुणं.
"नेतो तर ने की," ती म्हणाली, "आधी दुसरा आण.
असाच पायजे. ह्याला मी घासून घासून वळण लावलंय."
शहाबादी फरशी दाखवली, घसरते म्हणाली.
नदीतला गोटा दाखवला, नुसती हसली.
शेवटी माझ्या दारातली पायरी उपटून दिली.
अजून घरात शिरताना पाऊल
थोडं खोल पडतं.

दगड उलटा केला चौघांनी, पहारी लावून.
खाली गाई, घोडा, झटापट,
मधे त्याला वर नेणाऱ्या दोघी,
सगळ्यात वर पिंड, कडेला चंद्र-सूर्य.
गुडघ्याशी एक काचेची गोटी अडकलेली,
तिच्या थोरल्याची. तो आता पुण्याला असतो.
रुक्मव्वा बघत उभी राहिली.
मग त्या दगडालाच म्हणाली,
"येवढी वर्सं तुझ्या पाठीवर आपटत होते रे.
बोलायचं न्हाई का?"

वर्गणीतून हमरस्त्यावर पाटी लावली.
पेंटरची जागा कमी पडली,
'बारव'मधला 'व' खालच्या ओळीत गेला.
पाटी झाली:
पुरातन बार
व शिल्पे.
पुढच्याच शनिवारी दोघं आले, मोटारसायकलवर,
उन्हानं तोंडं भाजलेली. बार कुठाय, विचारत.
आम्ही त्यांना बावन्न पायऱ्या उतरवलं.
गुरुजींनी शिलालेखाच्या अडीच ओळी वाचल्या, आधी कानडीत, मग अर्थ.
मौलाच्या घरून कडक भाकरी आली, शेंगाचटणी, दही.
त्यांनी शेऱ्यात लिहिलं: पाणी गार आहे.
बैठकीत पाटी दुरुस्त करायचा ठराव आला.
चार विरुद्ध तीन. पडला.

वर्षाची बेरीज त्रेचाळीस.
त्यातले नऊ बार शोधत आलेले,
एक वाट चुकलेला टेम्पोवाला,
एक बाई, जिनं दिवसभर फक्त कबुतरांचे फोटो काढले.
डेपोत एका फेरीला एवढे उभे असायचे.

रुक्मव्वा रविवारी येते, जुना ब्रश घेऊन.
"साबण नको हं," गुरुजी दर वेळी सांगतात.
ती दर वेळी "न्हाई की" म्हणते,
आणि पदराआड काहीतरी लपवते.

परवा वहीपाशी थांबली. "माझंबी लिही."
मी तारीख टाकली. नाव टाकलं.
गाव?
"हितलंच की. इसरला का?"
किती जण?
तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं,
ओला होता, नुकताच पुसलेला.
"दोघं," म्हणाली.

मी दोन लिहिले.
शेऱ्याची जागा तशीच आहे.